चौदा हात

कोर्टाच्या आवारात माझं टेबल आहे. लोखंडी फोल्डिंगचं टेबल, दोन स्टुलं, वर छत्री. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप. कन्नडातला कागद मराठीत समजावून सांगायचा आणि मराठीतलं दुखणं कन्नडात लिहून द्यायचं, हा माझा २३ वर्षांचा धंदा. बेळगावात या धंद्याला मंदी नाही. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, तोवर जमिनीचा उतारा कन्नडातच येणार आणि तो वाचून दाखवायला कुणीतरी लागणार.

गेल्या पावसाळ्यात एक म्हातारी आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं एफआयआरची नक्कल काढली. मुलगा दवाखान्यात, पायात गोळी, उशाशी पोलीस.

"वाचून सांग बाबा. मी काय वाचतो त्यातलं?"

(आमच्याकडच्या बायका 'येतो', 'जातो', 'वाचतो' असंच बोलतात. पुण्याची सून आली की पहिले सहा महिने हसते, मग तीही 'जाऊन येतो' म्हणायला लागते.)

तो कागद वाचायच्या आधीच मला पाठ होता. आरोपीला पुराव्याची वस्तू दाखवायला नेलं. तिथं त्यानं लपवून ठेवलेला चाकू काढला. एका पोलिसाच्या हातावर वार केला आणि पळायला लागला. अधिकाऱ्यांनी हवेत गोळी झाडून शरण यायला सांगितलं. ऐकलं नाही. तेव्हा 'आत्मरक्षणेगागी', म्हणजे स्वतःच्या बचावासाठी, पायावर गोळी. गावाचं नाव बदला, आरोपीचं बदला, कर्नाटकातल्या असल्या कितीतरी बातम्या याच साच्यातून निघतात. टीव्हीवर खाली पट्टी पळते, 'कालिगे गुंडु'. कन्नडात काल म्हणजे पाय आणि गुंडु म्हणजे गोळी. आमच्या मराठीत गुंडू हे माणसाचं नाव, दर गल्लीत एखादा असतोच. लहानपणी पेपरात हे शब्द वाचून मला वाटायचं, काल कुठल्या तरी गुंडूला काहीतरी झालं.

सगळं ऐकून घेऊन म्हातारी म्हणाली, "एकच विचारतो. पाय राहतोय काय?"

हे खरं की खोटं, असं तिनं विचारलंच नाही. पोरगं काही साधुसंत नव्हतं, ते तिच्या बोलण्यावरून कळत होतं. मीही काही विचारलं नाही. पैसे घेतले नाहीत, एवढंच. ती गेल्यावर तो मजकूर डोक्यात घोळत राहिला. त्यात वेळ होती, तारीख होती, चतुःसीमा होती, जीपचा नंबरसुद्धा होता. एक गोष्ट मात्र कुठंच नव्हती. चाकू आणि पिस्तूल यांच्यामध्ये अंतर किती होतं?

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या हुशारीमुळं नव्हे. भाच्यानं कधीतरी मोबाइलवर दाखवलं होतं म्हणून. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यात डेनिस ट्यूलर नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरून झाडायला शिकलेल्या पोलिसाला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्याच दीड सेकंदात धडधाकट माणूस चाकू घेऊन २१ फूट पार करतो. पुढं पोलिसांच्या तोंडी त्याचा 'एकवीस फुटांचा नियम' झाला. ट्यूलर यांनी तो नियम म्हणून मांडलाच नव्हता. सावध राहा, आडोसा धरा, अंतर राखा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मोजमापाचा नियम व्हायला वेळ लागत नाही, आणि नियमाची सबब व्हायला तर त्याहून कमी.

२१ फूट म्हणजे चौदा हात. आमच्या अंगणात तुळशीपासून गेटपर्यंत बरोबर तेवढं भरतं. एका रविवारी भाच्याला म्हटलं, चल, बघूच. त्याच्या हातात लाटणं, माझ्या कमरेला पट्ट्यात खोचलेला टीव्हीचा रिमोट. तो धावत सुटला की मी रिमोट काढायचा, त्याच्यावर रोखायचा आणि बटण दाबायचं. पोरगा पीयूसीला, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, कबड्डी खेळणारा. सहापैकी पाच वेळा लाटणं माझ्या बरगडीत बसलं. सहाव्या वेळी तो शेवाळावर घसरला. बायको दारातून म्हणाली, "दोघंबी लहान हायसा काय? ते लाटणं धुऊन द्या."

तुम्हाला हे हसण्यावारी वाटेल. पण समोरून माणूस सुटला की पोटात काय होतं ते मला त्या अंगणात कळलं, आणि ते नुसतं लाटणं होतं. बंदुकीपुढं चाकूची काय बिशाद, असं म्हणणाऱ्यानं एकदा हे करून बघावं. चाकूची गोळी संपत नाही, चाकूचा नेम चुकत नाही. १२ एप्रिल २०२०, लॉकडाउनमधली सकाळ, पतियाळाची भाजीमंडई. पास मागितला म्हणून निहंगांच्या, म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्या शीख पंथाच्या, टोळीतल्या एकानं तलवारीनं एका सहायक उपनिरीक्षकाचा हात मनगटापासून वेगळा केला. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी साडेसात तास खपून तो हात पुन्हा जोडला. पोलिसांवरचा माझा निम्मा राग त्या रविवारी अंगणातच गेला.

उरलेला निम्मा मात्र त्याच लाटण्यानं पक्का केला. सहा वेळा तो माझ्या अंगावर आला आणि सहाही वेळा मला त्याचा पाय दिसला नाही. दिसलं ते लाटणं, आणि त्यामागचं तोंड. गुडघा तो केवढा, सोललेल्या नारळाएवढा. तो वरखाली हलतोय, समोरचा आपल्यावर येतोय आणि आपल्याकडं आहे दीड सेकंद. त्यात आधी हवेत गोळी झाडायची, मग शरण ये म्हणायचं, मग तो येतोय का ते बघायचं आणि मग गुडघ्याखाली नेम धरायचा? जीव खरोखर धोक्यात असेल तर यातलं काहीही जमत नाही. आणि हे सगळं जमलं असेल, तर वेळ होती. वेळ होती म्हणजे अंतर होतं. अंतर होतं तर जिवाची भीती कसली?

दोन्हींतलं एकच खरं असू शकतं. त्या कागदात मात्र दोन्ही एकाच परिच्छेदात, एकाच पूर्णविरामाच्या आत नांदत होती.

'पायावरच मारली की, जिवे कुठं मारलं?' हे आणखी एक ऐकू येतं. मांडीतून जी मोठी रक्तवाहिनी जाते ती फुटली तर माणूस दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही. पाय ही काही बिनजोखमीची जागा नव्हे.

कायदा याबाबत आपल्याला वाटतो तितका गोंधळलेला नाही. पोलिसाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे तो तुमच्या-माझ्याइतकाच. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ९९ आणि १०० होती, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३७ आणि ३८ आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. अटक करताना लागेल ते बळ वापरता येतं. मात्र ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटकेच्या नावाखाली ठार मारता येत नाही. आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चकमकींबाबत १६ सूचना घालून दिल्या. एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीकडं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडं द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा, चकमकीनंतर लगेच बढत्या आणि शौर्यपदकं वाटू नका. जबर जखमी झालेल्यांनाही हेच लागू, 'शक्य तितकं'. या 'शक्य तितकं' शब्दांत किती पाय मावतात ते आमच्या आवारात येऊन बघावं.

इथल्या मराठी वाचकाला आता बरं वाटायला लागलं असेल. बघा, कर्नाटकाचे पोलीस! तर थांबा. तो २०१४ चा खटला पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार असा आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसं मेली, त्यावरून तो उभा राहिला. चकमकफेम हा शब्द आपल्याच मराठी वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केला. त्यातला 'फेम' कुणाला खटकलाही नाही.

पोलिसांच्या गोळीची आठवण सीमाभागाइतकी कुणी जपली नसेल. १७ जानेवारीला आम्ही १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर जमतो, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या खाल्लेल्यांसाठी. मी दरवर्षी जातो. गोळी का झाडली, आदेश कुणाचा, जमाव किती लांब होता, यावर तिथं आजही म्हातारी माणसं तावातावानं बोलतात. तीच माणसं, आणि त्यांत मीही आलो, 'कालिगे गुंडु' वाचून चहाचा घोट घेतो आणि पुढची बातमी बघतो.

एप्रिल २०२५ मध्ये हुबळीत पाच वर्षांच्या मुलीला उचलून नेऊन मारलं. संशयित त्याच दिवशी सापडला आणि त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीनं मेला. त्यानं दगडफेक करून पळायचा प्रयत्न केला, असं पोलिसांनी सांगितलं. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या मोबाइलवर अभिनंदनाचे स्टेटस होते. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. माझ्या पुतणीचं वय तेवढंच. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसल्यावर मनात आलं की आता त्या मुलीच्या बाबतीत नेमकं काय झालं, एकटा तोच होता का, हे कोर्टात कधीच कुणी विचारणार नाही. पण ते दुसऱ्या दिवशी आलं, हेही तितकंच खरं.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला माझं आजोळ. मी बारा वर्षांचा असेन. रोप लावणीचे दिवस, पाऊस असा की चार दिवस उजाडलंय की मावळतंय तेच कळत नव्हतं. शेजारच्या घरचा धाकटा मुलगा गोव्याहून परत आला होता. हॉटेलात कामाला होता, तिथं डोक्यावर काहीतरी परिणाम झाला. रात्रभर येरझाऱ्या घालायचा, पाण्यात औषध घातलंय म्हणून तांब्या ओतून टाकायचा. त्या दिवशी त्यानं थोरल्या भावावर कोयता उगारला. वार दाराच्या चौकटीवर बसला. घरची सगळी बाहेर पळाली आणि हा एकटा सोप्यात, हातात कोयता, दारात उभा.

निरोप गेला. दोन-अडीच तासांनी मोटारसायकलवरून दोन पोलीस आले. एक आमच्याच भागातला हवालदार, त्या एका बाजूनं दुमडलेल्या हॅटवर प्लास्टिकची पिशवी चढवलेला. दुसरा कोवळा पोरगा, विजापूरकडचा, नुकता भरती झालेला. त्यानं कोयता बघितला मात्र, काठी सरसावून पुढं झाला आणि ओरडला, "कुडुगोलु केळगे हाकु! हाकु केळगे!"

खाली टाक, असं तो सांगत होता. आमच्या धाकट्याला कन्नड कळायचं ते बाजारापुरतं. आमच्याकडं हाकतात ते बैलांना. समोरचा माणूस काहीतरी हाकू हाकू म्हणत काठी घेऊन अंगावर येतोय, एवढंच त्याला दिसलं असणार. त्यानं कोयता डोक्यावर नेला. आमची आज्जी माझा दंड धरून उभी होती, तिची नखं मला रुतली.

हवालदारानं त्या पोराला गचांडी धरून मागं ओढलं. अक्षरशः ओढलं. त्याला परड्यातल्या दाराकडं पाठवलं आणि बजावलं, "आत शिरू नको, नुसता उभा राहा." मग लोकांवर खेकसला. "तमाशा हाय काय? व्हा घरात." तो स्वतः समोरच्या गडग्याच्या पलीकडं गेला. गडगा म्हणजे आमची दगडांची रचीव भिंत, कमरेइतकी. पलीकडं आमच्या सोप्याची पडवी होती, तिथं उंबऱ्यावर बसला. आज्जीला म्हणाला, "आक्का, च्या टाक."

आणि बसून राहिला.

मी खिडकीच्या गजांतून बघत होतो. पहिला तासभर धाकटा शिव्या घालत होता. हवालदार मध्येच "हं", "बरं", "मग?" असं म्हणायचा. भावानं औषध घातलंय, असं धाकटा ओरडला तेव्हा हवालदार म्हणाला, "घातलं असंल. आम्ही तपासतो की." नाही रे बाबा, तुझ्या मनाचे खेळ आहेत, असं तो एकदाही म्हणाला नाही. मध्ये रोपाचं विचारलं. तुमच्या कुणग्यात पाणी फार झालंय, बांध फुटंल म्हणाला. धाकट्यानं मान वळवून शेताकडं बघितलं. मला वाटलं, आता हवालदार झडप घालणार. त्यानं चहात बटर बुडवलं.

दुसऱ्या तासात कोयता उजव्या हातातून डाव्या हातात गेला. मग टोक जमिनीकडं झालं. ओल्या कपड्यांत तो कुडकुडत होता. आज्जी आतून म्हणाली, "मी भाकरी नेऊन देतो त्याला." हवालदारानं मागं न बघताच हात हलवून नको म्हटलं. पुढं जे झालं ते मी कितीदा तरी आठवून बघितलंय. धाकटा आत वळला. दाराच्या डाव्या हाताला भिंतीवर लाकडी खुंटी होती, रानातून आल्यावर कोयता अडकवायची. त्यानं कोयता खुंटीला अडकवला. कुणी सांगितलं नव्हतं. शरण जायचं म्हणूनही नव्हे. घरात शिरताना कोयता खुंटीला लावायचा, हे त्याच्या हाताला माहीत होतं. मग खांबाला टेकून खाली बसला.

हवालदार तरीही उठला नाही. आणखी पाव तास गेला असेल. धाकटा लघवीला म्हणून बाहेर आला, तेव्हा हवालदार गडगा ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि दोघांनी एकमेकांशेजारीच लघवी केली. संध्याकाळी त्याला घेऊन गेले. पुढं धारवाडला, मनोरुग्णालयात. आमच्याकडं धारवाडला नेलं म्हटलं की पेढ्यासाठी नव्हे, ते सगळ्यांना कळतं. आज तो साठीला आलाय, गोळ्या चालू आहेत, रताळी लावतो. भावाशी अजून बोलत नाही, पण ते बांधावरून.

नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतले काही पोलीस अधिकारी मुद्दाम स्कॉटलंडला गेले. तिथल्या बहुतेक पोलिसांच्या कमरेला पिस्तूल नसतं, मग चाकूवाल्याला ते कसं धरतात हे शिकायला. स्कॉटलंडच्या पोलिसांनी दाखवलं ते असं: मागं सरा, मध्ये काहीतरी घ्या, एकानंच बोला, घाई करू नका. अमेरिकेत दरवर्षी साधारण हजार माणसं पोलिसांच्या गोळीनं मरतात, बंदूकवाल्यांखालोखाल त्यात चाकूवाले. जपानमध्ये पुढं दोन फाटे असलेली लांब काठी ठेवतात, सासुमाता म्हणतात तिला. भिंतीशी रेटून धरायची. नाव ऐकून आमच्या आवारातले वकील हसले. काठी चौदा हात नसते, पण हाताच्या अंतरावरचा चाकू ती एका माणसाएवढा तरी लांब ठेवते. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही लिहिलंय की धाकट्यासारखा माणूस सापडला तर पोलिसांनी त्याला आपल्या संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. संरक्षणात हा शब्द मला आवडतो. अटकेत नव्हे.

एकवीस फुटांची सगळी चर्चा मला त्या गडग्यापाशी येऊन लटकी वाटते. अंतर किती होतं, असं आपण अशा थाटात विचारतो जणू ते पावसासारखं वरून पडलेलं असतं. कोवळा शिपाई पुढं धावला तेव्हा अंतर चार हातांवर आलं. हवालदारानं ते ओढून परत चौदा हातांवर नेलं, वर मध्ये दगड घातले. दीड सेकंद त्यानं अडीच तासांचा केला. चाकूवाला काय करेल हे आपल्या हातात नसतं. आपण कुठं उभं राहायचं ते बऱ्याचदा असतं.

हवालदार आता वडगावात राहतात, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर त्यांना शोधून काढलं. ही सगळी गोष्ट त्यांच्यापुढं मांडली, स्कॉटलंडसकट. माझी अपेक्षा होती की ते काहीतरी शहाणपणाचं बोलतील. त्यांना ती केस आधी आठवेचना. मग आठवली ती बटरवरून.

"पाऊस होता रे," ते म्हणाले. "परत जायला वाटेत ओढा भरलेला. उतरोस्तर बसायचंच होतं कुठंतरी."

"आणि बंदूक?"

"बंदूक ठाण्यात. मोटारसायकलवर पावसातनं थ्री-नॉट-थ्री कोण घेऊन येतंय?"

"असती तर?"

त्यांनी सुनेला हाक मारून चहाचं विचारलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, बराच वेळ.

"ते पोरगं होतं ना माझ्यासंगं, विजापूरचं," ते म्हणाले, "त्याच्याकडं असती तर त्यानं मारलीच असती. आणि रिपोर्ट मीच लिवला असता." चष्मा परत घातला. "कन्नडात. तुझ्यासारख्याकडं आला असता वाचायला."